नेरला उठणाऱ्या अक्का

एम.एस्सी.ला असताना मी रोज साक्रीहून एसटीने धुळ्याला जायचो. त्या गाडीत एक अक्का असायच्या. दवाखान्यात पडलेल्या नवऱ्यासाठी डबा न्यायच्या. पाय सुजलेले, तरी खिडकीतून रुमाल टाकून मिळवलेली जागा त्या अर्ध्या वाटेवर, नेरला, उभ्या असलेल्या कुणाला तरी द्यायच्या.

एकदा अशी जागा मिळालेल्या एका तरुणाने हसून विचारलं, "अक्का, निवडणूक लढवनी शे का?"

"बस रे भाऊ. उद्या माले जागा भेटनी नही, तं तू उठजो. तू उठना नही, तं परवा मी बी उठाव नही."

दुसऱ्या दिवशी अक्का उभ्या होत्या, तरी तो उठला नाही. पुढच्या खेपेला तो उभा होता आणि अक्का धुळ्यापर्यंत बसून राहिल्या. त्यानंतर मात्र नेर आलं की तो मुकाट्याने उठायचा. हळूहळू इतरही उठू लागले.

एखादी वागण्याची रीत समूहात कशी पसरते, कशी टिकते, हे सर फळ्यावर समीकरणांनी शिकवत, तेव्हा मला अक्कांचे पाय दिसायचे.

मग अक्का यायच्या थांबल्या. डब्याची गरज उरली नसावी. चौकशी करायला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात एकदा मी उभा होतो. नेर आलं. तो तरुण उठला आणि म्हणाला, "बस रे भाऊ."