ड्रॉवरात ठेवलेली सही

सरपंच झाले तेव्हा मला एक डोंगल मिळालं. बोटाएवढं. कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, झाली माझी सही. तालुक्याच्या पंचायत समितीतल्या कॉम्प्युटर ऑपरेटरनं ते लगेच मागून घेतलं. "ताई, हितंच ऱ्हाऊ द्या, तुमची खेप वाचंल." त्याच्या ड्रॉवरात गावोगावची डोंगलं पडलेली, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर गावाचं नाव आणि पिन. सगळेच ठेवतात म्हणून मीही ठेवलं. पिनसुद्धा मीच सांगितला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

उन्हाळ्यात आमच्या बौद्धवस्तीच्या हातपंपाचं विचारायला गेले. ऑपरेटरनं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. काम पूर्ण, खाली माझी सही. अरे, कुठला पंप? बोअरसुद्धा मारलेलं नाही! बाया अजून मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायल्यात. माझी अशी सटकली! ड्रॉवर ओढला, माझं डोंगल काढलं आणि तडक पोलीस ठाणं गाठलं.

"काय चोरीला गेलं?" जमादारानं विचारलं.

"माझी सही."

"ती कशात असती?"

"ह्या डोंगलात."

"ते तर तुमच्या हातात हाय. मग चोरी कशाची, बाई?"

वर म्हणे, डोंगल सरकारी, तुमच्या मालकीचं न्हाई. तक्रार लिहून घेतलीच नाही.

आठच दिवसांत मला नोटीस आली. पंप न बसवता काम पूर्ण दाखवलं, खुलासा करा. सही आपली, जबाबदारी आपली. वा रे वा! तक्रार द्यायला गेले तेव्हा डोंगल माझ्या मालकीचं नव्हतं, आणि गळ्यात घालायच्या वेळी सही बरी माझी झाली! मी तो कागद चोळामोळा केला, मग पुन्हा सरळ करून ठेवला, कारण उत्तर मलाच द्यायचं होतं.

ताडकळसच्या बाजाराला निघाले तर जीपमधल्या आमच्याच बाया मला बघून गप्प झाल्या. पंपाचे पैसे मीच खाल्ले असं त्यांना वाटत होतं. नोटिशीपेक्षा ते जास्त झोंबलं. संध्याकाळी शेजारची आत्या घागर घेऊन विहिरीला निघाली होती, तिला अडवलं आणि सगळं सांगितलं. आत्या शाळेची पायरी चढलेली नाही. आयुष्यभर सगळीकडं अंगठाच. डोंगल तिच्या हातावर ठेवलं.

तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "ह्याच्यात तुझी सही हाय?"

"हो."

"आन हे तू दुसऱ्यापाशी ठिवलंस?"

तिनं डोंगल माझ्या हातात परत दिलं आणि रिकामी घागर कमरेवर घेतली.

"माझा अंगठा मी कुणापाशी ठिवला न्हाई, बाई," म्हणाली, आणि विहिरीकडं चालू लागली.