माझ्या वतीने दिलेलं उत्तर

लोबानाचा वास आला की मस्कतच्या अल हैल भागातला दादाचा हॉल आठवतो आणि माझं डोकं तापतं. वहिनीच्या बाळंतपणासाठी मी मस्कतला गेले होते, आणि भाची शाळेत जायला लागली तरी तिथेच होते. त्या गणपतीत शेजारच्या ओमानी बाईंनी दिलेला लोबान हॉलमध्ये जळत होता आणि मी नेहमीसारखी आत मोदक वळत होते. दादाचा एक मित्र दर वर्षी ओमानमधल्याच सूर या गावाहून दर्शनाला यायचा. स्वयंपाकघरात डोकावून "तुम्ही जेवलात का?" असं विचारणारा त्या घरात तो एकटाच. त्या दिवशी त्याने दादाजवळ मला सरळ मागणी घातली. दादा हसला. म्हणाला, "अरे, तिला लग्न नकोच आहे. ती आमच्यात रमलीय." वहिनी म्हणाली, "आणि छोटीला आत्याशिवाय झोप लागत नाही." मला कुणी कधी विचारलं नव्हतं, पण माझं उत्तर दोघांना तोंडपाठ होतं. पिठाच्या हातांनीच मी बाहेर गेले. म्हटलं, "दादा, हे तू मला विचारायचं होतंस. माझं हो आहे." दादा पुटपुटला, "पाहुण्यांसमोर तमाशा नको." वहिनीने विचारलं, "आणि मोदक?" मी म्हटलं, "उकड निवतेय, आता तुम्ही वळा." आज सूरच्या आमच्या घरात लोबान मीच लावते. परवा भाचीने फोनवर सांगितलं, दादा अजून चारचौघांत म्हणतो, बहिणीचं लग्न मीच जमवलं.