धुतलेला आठवडा

मुलांनो, जमिनीशी इतक्या अदबीने वागणारा माणूस मी अख्ख्या मिनेसोटात दुसरा पाहिला नाही. आमचा हा शेजारी मूळचा नागपूरचा, साठीला टेकलेला आणि पेशाने मातीचा शास्त्रज्ञ. घरामागच्या जंगलात त्याने जागोजाग प्लॅस्टिकची गोल कडी पुरली आहेत. त्यांवर झाकण ठेवून माती किती कार्बन डायऑक्साइड सोडते ते तो मोजतो. तेव्हा मी जवळून गेले, तर "काकू, प्लीज, तिकडून वळसा घ्या, रीडिंग चालू आहे," असं इतक्या हळू सांगतो, जणू पाळण्यात मूल झोपलंय. कारमध्ये मातीच्या पिशव्यांना सीटबेल्ट लावतो. घरच्या फ्रिजमध्येही मातीचेच डबे. मी एकदा काळा मसाला समजून चमचाभर काढलीसुद्धा. "टाका आमटीत," त्याची बायको म्हणाली, "एकदाची कामाला तरी येईल!"

मातीतल्या जिवाणूंना तो 'खालची मंडळी' म्हणतो. गेल्या जूनमध्ये ॲस्पेनच्या झाडांवर अळ्यांची धाड आली. पानं पार फस्त झाली. शांत उभं राहिलं की लेंड्या पडल्याचा पावसासारखा आवाज यायचा. आम्ही खिडक्या लावून बसलो, आणि हा मात्र लग्नघरातल्यासारखा लगबगीत. "वरच्या पंगतीचं सगळं खाली पडतं, काकू, आणि खालची मंडळी त्यावर ताव मारते. पानांतला कार्बन मातीत किती मुरतो आणि हवेत किती परत जातो, एवढंच मला बघायचंय. रिटायर व्हायच्या आधी ही माझी शेवटची धाड."

आता माझी चूक सांगते. इथल्या मराठी मंडळाची चाळीस स्टीलची ताटं माझ्या गॅरेजमध्ये असतात, फडक्यात नीट बांधून. एका सकाळी पाहिलं तर बारा कमी! गॅरेजची एक किल्ली त्याच्याकडेही असते, हे मी विसरलेच होते. शोधत गेले, तर ताटं झाडांखाली मांडलेली, काळ्या बारीक दाण्यांनी भरलेली. ज्यांत आपण श्रीखंड-पुरी वाढतो, ती ताटं! मी ती उचलली, गुलाबांच्या बुंध्याशी झटकली आणि गरम पाण्याने दोनदा घासली.

संध्याकाळी तो दारात उभा. "काकू, तुम्ही माझा अख्खा आठवडा धुतलात."

ताटांवरून झापायचं मी ठरवलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तो बेत सोडला. "अळ्या अजून किती दिवस खातील?" मी विचारलं.

"चार-पाच. मग कोष."

मी चाळीसच्या चाळीस ताटं काढून दिली. पुढचे पाच दिवस डोक्यावर टोपी घालून मी त्याच्यासोबत फिरले. टोपीवर अळ्या टपटपत होत्या आणि मी नमुन्याच्या प्रत्येक पाकिटावर तारीख आणि झाडाचा नंबर लिहीत होते. "असं अक्षर पाहून माझे स्टुडंट्स रडतील," तो म्हणाला.

जुलैत झाडांना पुन्हा छोटी पानं फुटली. हिवाळ्यात त्याने रिपोर्ट दाखवायला आणला. त्या एका आठवड्याचा रकाना कोरा होता, खाली फक्त 'नमुने उपलब्ध नाहीत'.

"खरं लिही की," मी म्हटलं. "काकूने धुतले म्हणून."

"रिपोर्टमध्ये काकू बसत नाही, यार," तो हसला. मग म्हणाला, "दहा-बारा वर्षांनी येतील पुन्हा अळ्या. तेव्हा ताटं तुम्हीच मांडा."

मला एकोणऐंशी पूर्ण झाली आहेत, आणि त्याचेही गुडघे आता नीट वाकत नाहीत.

"मांडेन की," मी म्हटलं.