चर्चच्या दारावरचा करवती काठ

प्रकरण: एका कोष्ट्याने आपल्या मुलीच्या लग्नासाठी चर्चमध्ये जावे की न जावे. काळ: सत्तर सालानंतरचा, महिना फाल्गुन. ठिकाण: नागपूर. साक्षीदार: चर्चचा चौकीदार, आणि मी स्वतः, कचेरीबाहेरील अर्जनवीस, शिक्षण सातवी, अनुभव मोठा.

सदर कोष्टी माझा शेजारी. त्याची मुलगी रामदासपेठेतल्या दवाखान्यात नर्स होती. तिने तेथील ख्रिस्ती कंपाउंडरशी लग्न ठरवले. हा अडून बसला.

"मी काहून जाऊ गा तिथं? आत काय आहे, मले काय माहीत? तुम्ही जगाचे पंचनामे लिहिता मुनशीजी, याचाही करून आणा."

जागा पाहिल्यावाचून मी कधी अक्षर लिहिलेले नाही. गेलो.

भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात माणूस ऐसपैस बसेल. खिडक्या लहान, उजेड बेताचा. बुटक्या दगडी खांबांवर अर्धगोल कमानी, एकीच्या खांद्याला दुसरी. तुळई कोठेही नाही, तरी छत उभे!

"पाद्रीसाहेब ह्या बांधणीले रोमनेस्क म्हणतात," चौकीदार म्हणाला. तो शब्द मी तत्काळ टिपून घेतला.

"पण हे पडत काहून नाही?"

"मले काय विचारता? मी तर देवाचं नाव घेऊनच खालून जातो."

निघताना मुख्य दाराच्या कमानीकडे मान वर केली आणि थबकलो. दगडात दात्यांची ओळ कोरली होती. हुबेहूब आपल्या लुगड्याचा करवती काठ.

कोष्ट्याने भिंती, खांब मागावर विणता विणता ऐकले. काठाचे नाव निघताच हातातला धोटा थांबला.

"दाते दगडाच्या अंगात शिरले आहेत, का नुसते वरून लावले? आमच्या करवतीत ते विणतानाच लुगड्याच्या अंगात गुंततात."

हे मी पाहिले नव्हते.

"अर्धवट आहे तुमचा पंचनामा."

"मग स्वतः चला."

लग्नाच्या दिवशी तो धुतलेल्या धोतरात आला आणि दाराखाली मान वर करून उभा राहिला. मागे पाहुणे खोळंबले. मुलगी आतून दाराशी आली.

"बाबा, आत या नं."

"थांब वं. दाते मोजून राहिलो."

ती थांबली. मोजणी संपली, मग तो तिच्यासोबत आत गेला.

तरी ज्या कारागिराने सदर ओळ कोरली, त्याने अथवा त्याच्या वारसांनी हा काठ त्यास कोठे दिसला ते कळवावे. कोष्टी मला अजून विचारतो.