रंगाखाली बुजलेलं तोंड

फाटक रंगवणाऱ्या पेंटरवर मी आज ओरडलेच, "बिजागरीवर रंग नको!" ऑइलपेंटचा तोच वास लहानपणी सुरतेत, लिंबायतच्या कापडाच्या लूम कारखान्यात आला होता. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. कारखान्याच्या सेठची जुनी, नव्याने रंगवलेली स्पोर्ट्‌स कार दारातच पुढच्या एका चाकावर खचली होती. मेकॅनिक म्हणाला, "स्प्रिंग तुटली."

लूम फिटर असलेले बाबा गाडीखाली आडवे झाले. चाकामागच्या सांध्यावर अंगठा फिरवून त्यांनी रंग खरवडला.

"ग्रीस भरायचं तोंडच रंगवून बुजवलंय, सेठ. सांधा कोरडा पडून निखळला."

सेठने वाकून पाहिलं आणि हे कुठे शिकलात ते गुजरातीत विचारलं. "काका, आ क्यां शीख्या?"

"लूमवर. तिथेही तेलाचं तोंड बुजलं की सांधा जातो."

तेव्हा मला त्यांच्या तेलकट सदऱ्याची लाज वाटली होती.

"बिजागरीचं कोणी शिकवलं, ताई?" पेंटरने आज विचारलं.

"लूम फिटरने," मी म्हणाले. "माझ्या बापाने."