नऊ दिवसांची मुलगी

माझ्या तोंडाला किन्हवलीकडची सगळी माणसं घाबरतात. "तिच्या नादी लागू नको," म्हणतात, मला ऐकू येतं. नकाच लागू! पण एवढा राग हिला येतो कुठून, हे एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मलाही ते गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. बारसंही झालं नव्हतं. आमच्याकडे इतक्या लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात, आणि बाईमाणसाला तिथे नेत नाहीत. दहावं नाही, बारावं नाही, भेटायला कुणी येत नाही. नवरा आणि दीर तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले, परत आले, पाय धुतले, जेवायला बसले. दूध आटावं म्हणून सासूने माझी छाती करकचून बांधली. "रडू नको गो, पुढचं पोर टिकायचं नाय," म्हणाली. पाचव्या दिवशी मी चिखलात वाकून भात लावत होते. पुढे दोन मुलगे झाले. त्या पोरीचा विषय घरात कुणी काढला नाही, मीही नाही. मी नुसती भांडत राहिले.

गेल्या वर्षी धाकट्या सुनेचा मुलगा अकराव्या दिवशी तापाने गेला. शहापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सून तिथेच कोसळली, म्हणून तिला दोन दिवस ठेवून घेतलं. माझ्या मुलाने बाळाला आणून पुरलं. आणि मी काय केलं? झोळी सोडली, दुपटी, टोपडी, काजळाची डबी, सगळं गाठोडं बांधून वाडीवरच्या एका बाईला देऊन टाकलं. महिनाभर आधीच बचत गटात मुरबाडची एक ताई मनातल्या जखमा बोलून दाखवा म्हणून सांगून गेली होती. आम्ही माना डोलावल्या होत्या, चहा प्यायलो होतो. त्यातलं माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

सून घरी आली, वर आढ्याकडे पाहिलं. "आई, झोळी कुठंय?"

"काढली. बघून त्रास नको. आता रडू नको गो, पुढचं पोर टिकायचं नाय."

माझ्या तोंडून सासूच बोलली. सून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिने बोलणंच टाकलं. जेवणही टाकलं. तीन दिवस! चौथ्या दिवशी शेजारीण आली आणि म्हणाली, "तरणी हाय, वर्षात दुसरं होईल."

"दुसरं म्हंजे काय गो? म्हैस आटली काय आमची? चल, नीघ!" मी तिला अंगणाबाहेर घालवली. तशीच नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. "माझी पोर कुठं पुरली?"

"आता कशाला उकरतेस?"

"कुठं पुरली?"

त्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "ओढ्याकडं कुठंतरी. नक्की आठवत नाय."

आठवत नाही! बैल कधी घेतला ते आठवतं, कुणी कधी बांध कोरला ते आठवतं. माझी पोर कुठे ठेवली ते मेल्याला आठवत नाही! त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही. मग मुलाला उठवला. "बापासारखा विसरायच्या आधी बायकोला जागा दाखव. आत्ता." "बायका जात नाय तिथं," तो म्हणाला. "आजपासून जातात," म्हटलं.

आम्ही तिघं गेलो. शेताच्या कडेला दगड रचलेले होते. सून तिथे बसली आणि मोठ्याने रडली. मी तिला गप्प केलं नाही. गाठोडं दिल्याचंही तिथेच सांगितलं, "चुकलं माझं" म्हटलं. मग माझ्या पोरीचं सांगितलं.

तिने डोळे पुसले. "आई, कशी होती ती?"

असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. सवयीने आधी रागच आला. मग तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "गोरी नव्हती. कानांवर बारीक लव होती, आणि माझं बोट सोडायची नाय."