एकाच उताराची दारू

तलवाड्यात म्हाळू धनगराचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी म्हणतं, "पाद्र्याच्या थडग्यावर दारू पिऊन रडला, तोच ना?" हो, तोच. पण तो का प्यायला हे विचारायची तसदी कुणी घेत नाही, आणि त्याचा मला संताप येतो. म्हणून सांगतो.

निजामाच्या अमदानीत गावाबाहेरच्या खोलीत इटली देशातून आलेला एक म्हातारा पाद्री राहायचा. गावानं त्याच्या तापावरच्या कडू गोळ्या मुकाट्यानं गिळल्या, त्याच्या धर्मात मात्र कुणी गेलं नाही. म्हाळू त्याला शेळीचं दूध घालायचा. दुधात पाणी नाहीच, वर स्वतःहून सांगायचा, "बाबा, आज शेळ्या नुसत्या बाभळीखाली व्हत्या, दूध तुरट लागंल." असला माणूस!

पाद्रीबाबाजवळ भावानं पाठवलेल्या लाल दारूच्या थोड्या बाटल्या होत्या. सणावाराला तो पेल्यात घोटभर ओतायचा, उन्हात धरून रंग बघायचा, वास घ्यायचा आणि घोट तोंडात घोळवत डोळे मिटून बसायचा. ही दारू त्याच्या इटलीतल्या घरामागच्या एकाच उतारावरच्या द्राक्षांची. शेजारच्या उताराचा एक घडही तिच्यात पडत नसे. गावाला हे खूळ वाटायचं, म्हाळूला नाही. कोणत्या माळावर चरलं की दूध कसं उतरतं, हे त्याला ठाऊक होतं. पाद्रीबाबा कौतुकानं पेला पुढे करायचा. म्हाळू नुसता वास घेऊन परत द्यायचा.

कारण त्याचा नवस होता. एके काळी हाच म्हाळू पिऊन ओढ्यात पडलेला सापडायचा. मग पाठोपाठ दोन लेकरं गेली. तिसरा बंकट जन्मला तेव्हा त्यानं बिरोबापुढे शपथ घेतली, पोरगं जगू दे, दारूचा थेंब जिभेला लावणार नाही. बंकट जगला, शेळ्यांमागे पळू लागला.

आणि मानमोडीची साथ आली. त्या तापानं घरंच्या घरं रिकामी केली. गोळ्या वाटता वाटता पाद्रीबाबाही आडवा झाला. एक बाटली त्यानं अखेरच्या दिवसासाठी राखली होती. म्हाळूनं बूच काढून दिलं. म्हाताऱ्यानं घोट घेतला, घोळवला, आणि त्याचा चेहरा पडला. तापानं त्याची चवही नेली होती आणि वासही.

"म्हाळू, तू पी," तो म्हणाला. "कशी लागते, मला सांग."

म्हाळूनं पेला हातात घेतला. "बाबा, लेकराची आन हाय." त्यानं पेला नाकाशी धरला. "जांभळागत वास येतोय बगा. वल्या मातीचाबी."

"वास नको. चव सांग."

म्हाळूनं पेला खाली ठेवला. पाद्रीबाबानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी तसाच गेला. खड्डा म्हाळूनंच खणला. उरलेली बाटली घरी आणून कणगीमागे ठेवली.

आठवडा उलटला नाही तोच बंकट तापला. म्हाळू बिरोबापुढे डोकं आपटत राहिला. नवस पाळला होता ना त्यानं? मग बिरोबाचे डोळे कुठे होते? पोरगं गेलं.

त्याची बायको साखराबाई रडून रडून कोरडी झाली होती. तिनं बाटली काढून नवऱ्यापुढे ठेवली. "आता कुनासाठी पाळता? जावा, त्या म्हाताऱ्याला सांगून या."

भर दुपारी म्हाळू थडग्यापाशी बसला. वाटीत ओतून रंग बघितला, वास घेतला, घोट घोळवला. दारू आंबून पार शिरका झाली होती. त्याच्या घशाला चरचरून झोंबली, डोळ्यांतून धारा लागल्या. दुधाबद्दल जन्मात खोटं न बोललेला तो माणूस मोठ्यानं सांगू लागला, "बाबा, लई ग्वाड हाय. जांभळावानी लागती, मागनं जरा तुरट. तुमच्याच उताराची हाय, दुसऱ्याची न्हाई." गावानं पाहिलं ते हे.

घरी आल्यावर साखराबाईनं विचारलं, "सांगितलं का?"

"खोटं सांगितलं," म्हाळू म्हणाला. "त्यो जिता व्हता तवाच न पिता असंच खोटं सांगितलं असतं, तर नवसबी मोडला नसता. तवा कावून सुचलं न्हाई गं मला?"